चोवीस डबे आणि एक नासका हात

माझ्या हाताला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी कीव करत बसणार नाही. या हातांनी मी विहिरीचं पाणी ओढलं, भात कांडलं, बाळंतपणातून उठून महिना व्हायच्या आत जात्यावर बसले. तरी रत्नागिरीच्या आमच्या आळीत तब्बल नऊ वर्षं माझा हात नासका म्हणून ओळखला जात होता. नासका हात म्हणजे ज्या हाताची साठवण टिकत नाही असा हात. लोणच्यावर बुरा येतो, आंबापोळी काळी पडते, आमसुलांना पाणी सुटतं, आणि या सगळ्याला ना मीठ कारण, ना हवा. कारण एकच, ती बाई.

लग्न होऊन मी गुहागरहून आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. एकोणीसशे पंचवीसचा सुमार असेल. घरात माणसं तीन: सासूबाई, यजमान आणि मी. यजमान कचेरीत कारकून होते. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नसे आणि इथेही घेणार नाही, सवय मोडत नाही. सासरे कधीच वारले होते. सासूबाई कडक सोवळ्याच्या. पहाटे न्हाऊन ओलेत्यानं स्वयंपाकघरात शिरल्या की दुपारपर्यंत त्यांना कोणाचा पदरही लागता कामा नये. परसात हापूसची अकरा कलमं, दोन रायवळ, एक बरका फणस. स्वयंपाकघराला लागून एक अंधारी कोठी होती आणि त्या कोठीत पावसाळ्याची बेगमी असायची. कोकणात चार महिने बाजारात काही मिळायचं नाही, त्यामुळे ज्या बाईच्या ताब्यात कोठी तिच्या ताब्यात घर, हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं.

त्या पहिल्या वैशाखात सासूबाईंच्या बोटाला नखुरडं झालं, म्हणून वर्षाचं लोणचं घालायचं काम माझ्याकडे आलं. मला केवढा आनंद झाला होता! माझ्या आईनं मला एकच गोष्ट दहादा बजावली होती, लोणच्याला पाणी दाखवायचं नाही. मी कैरी न् कैरी फडक्यानं कोरडी पुसली. बरणी दोन दिवस उन्हात तापवली, हिंगाची धुरी दिली. मीठ भाजून घेतलं. फोडी दाबून भरल्या, वर मिठाचा थर दिला आणि तोंडाला बांधायचा फडक्याचा दादरा वाळत होता तो आणायला अंगणात गेले. परत आले तर सासूबाईंनी बरणी कोठीत नेऊन ठेवलेली. मी तिथे जाऊन दादरा बांधला आणि कृतकृत्य होऊन बाहेर आले.

श्रावणात दादरा सोडला तर वर बोटभर पांढरा बुरा, आणि वास असा की मांजरसुद्धा मागे सरलं. सासूबाईंनी ती बरणी सगळ्या आळीला दिसेल अशी माडाच्या मुळाशी नेऊन पालथी केली. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारणीनं विचारलं, काय झालं हो? सासूबाई म्हणाल्या, "काय व्हायचंय? हात नासका हो हिचा. नशीब आमचं."

एवढंच वाक्य. पण ते त्या दिवशी गडग्यावरून जे गेलं ते संध्याकाळपर्यंत देवळात पोचलं होतं. पुढच्या वर्षी वाळत घातलेली आमसुलं मी नुसती उलटली, आणि वळवाचा पाऊस येऊन ती भिजली. पावसाचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. मग मला कोठीबंदी झाली. आळीत कोणाकडे सांडगे, पापड, मिरगुंडं चाललेली असली आणि मी गेले, की बायका बोलता बोलता ताटावर पदर ओढून घ्यायच्या. वाईट बोलत नसत हो, अगदी गोड हसून ओढायच्या. नासक्या हाताला धुणं चालायचं, भांडी चालायची, शेणगोठा चालायचा. तिथे कोणाला काही नासण्याची भीती नव्हती. कैऱ्या चिरायलासुद्धा मला बसवायचे, कारण चिरायचं काम दगदगीचं. मिठाला मात्र हात लावायचा नाही.

मी सहन केलं असं म्हणणार नाही. मनात रोज भांडत होते. पण भांडायला हातात काही नव्हतं. लोणचं नासलं होतं, ही गोष्ट तर खरीच होती, आणि का नासलं ते मला ठाऊक नव्हतं. कधी कधी, अगदी खरं सांगते, मला स्वतःलाच वाटायचं की असेल काहीतरी. ते वाटणं मला सर्वांत जास्त डाचायचं.

मग एक दिवस माझी मुलगी शेजारच्या घरून पापड लाटायच्या वेळी परत आली. आठ वर्षांची होती. बाकीच्या मुली लाट्या खात, पोळपाटाशी लुडबुड करत बसलेल्या, आणि ही एकटीच घरी. दोन्ही हात परकराच्या निऱ्यांत खुपसलेले. मी विचारलं तर म्हणाली, "मला म्हणाल्या तू नको हात लावूस, आईचाच हात आला असणार." रडत नव्हती. मला जणू हवापाण्याची बातमी सांगत होती. जेवायला बसेपर्यंत तिनं ते हात बाहेर काढले नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यावर शिक्का बसला तो बसला, पण या पोरीनं अजून मिठाच्या खड्यालासुद्धा हात लावला नव्हता. आणखी सहा-सात वर्षांत ती दुसऱ्याच्या घरी जाणार, आणि तिच्याआधी तिच्या हाताची कीर्ती तिथे जाऊन बसणार. त्या दुपारी मी ठरवलं की हा शिक्का मी पुसणार. पोरीचा तरी पुसणारच.

कसा पुसणार? लोणचं तर मला कोणी घालू देणार नव्हतं. पण त्या सुमारास गावात एका व्यापाऱ्यानं हापूसचा रस पत्र्याच्या डब्यांत कोंडून मुंबईला पाठवायला सुरुवात केली होती. लोक हसायचे, म्हणायचे, आमरस काय घासलेट आहे? मी यजमानांच्या मागे लागले, काय करतात नक्की ते विचारून या. ते बिचारे सरळ माणूस. विचारून आले आणि मला नीट सांगितलं. रस गाळून गरम करायचा, नव्या पत्र्याच्या डब्यात भरायचा. झाकण कथलानं झाळून, म्हणजे सांधून, टाकायचं, झाकणाला मधे मोहरीएवढं भोक ठेवायचं. डबा उकळत्या पाण्यात उभा करायचा. आतली हवा त्या भोकातून निघून गेली की भोकावर झाळेचा एक थेंब सोडायचा. मग अख्खा डबा अर्धा तास पाण्याखाली उकळायचा. झालं. वर्षभर ढुंकून पाहायला नको.

म्हणजे ना दादरा, ना पदर, ना कोणाची सावली. एकदा तोंड झाळलं की डब्याला ठाऊक नसणार आत रस कोणी भरला. मला ते फार आवडलं.

सासूबाईंना मी सरळच विचारलं. पडीचे आंबे तसेही गुरांपुढे जातात, त्यांचा रस मी डब्यात घालू का? त्या हसल्या. "तुझ्या हातानं? घाल हो. आंबे वाया जायचेच आहेत." मग हसू थांबवून म्हणाल्या, "पण झाळणार कोण? बंदरावरचा तो मुसलमान? त्यानं तोंड बंद केलेला डबा माझ्या घरात येणार नाही, सांगून ठेवते."

मी म्हटलं, "पत्रा त्यांच्याकडचा घेते. धातू अग्नीनं शुद्ध होतो, असं तुम्हीच कल्हईच्या वेळी सांगता."

"पत्र्याचं मी नाही म्हणत. रस घातल्यावर हात कोणाचा लागणार ते म्हणत्ये."

"माझा लागेल. मी झाळते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू होडी वल्हवत मुंबईला जाते म्हटलं. "बाईमाणूस झाळणार! अगो, उद्या घोड्याला नाल ठोकशील." मी म्हटलं, घरात घोडा असता तर तेही शिकले असते. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी उलट बोलले होते, आणि माझ्या लक्षात आलं की छप्पर काही पडलं नाही.

झाळकाम करणारे चाचा म्हणजे पन्नाशी उलटलेले, मेंदीनं रंगवलेल्या दाढीचे गृहस्थ. बंदराजवळ त्यांचं दुकान होतं. गलबतांचे दिवे, तेलाची मापं, लोकांच्या मोडक्या बादल्या, सगळं दुरुस्त करायचे. मी दुकानात जाऊन बसणं शक्य नव्हतं, म्हणून यजमानांनी त्यांनाच बोलावून आणलं. तीन दुपारी ते आमच्या अंगणात फणसाखाली शेगडी मांडून बसले, आणि समोर मी. गडग्यावर माणसं रेलली होती. आळीतल्या ज्या बायकांना एरवी दुपारी डोळा लागल्याशिवाय चैन पडत नसे, त्या सगळ्या जाग्या होत्या. एकीनं तर वाळत घातलेलं एकच लुगडं चार वेळा झटकलं.

चाचांनी आधी मला अख्खा एक तास काही करू दिलं नाही. नुसतं पाहायला लावलं. तांब्याच्या टोकाची जाड कांब निखाऱ्यात तापवायची, नवसागराच्या खड्यावर घासायची, की टोक लखलखतं. मग पत्र्याच्या सांध्यावर राळ टाकायची, कथील-शिशाची सळई टेकवायची आणि कांबीनं ती वितळवत पुढे न्यायची.

"वैनी, झाळेला ढकलायचा नाय," ते म्हणाले. "ती आपली आपण धावते. तुमी फक्त वाट दावायची."

माझी पहिली झाळ खरजेसारखी गोळ्यागोळ्यांची आली. दुसरीत बोट भाजलं. गडग्यावरून कोणीतरी चुकचुकलं. तिसऱ्या दिवशी मात्र कांब टेकवली आणि ते कथील सांध्यातून असं सरळ, चकचकीत पळत गेलं की मीच दचकले. चाचांनी डबा पाण्यात बुडवून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. डबा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "काय हात हाय वैनी तुमचा! जरा म्हणून थरथरत नाय. माज्या मुलाला पाच वरसां शिकवतंय, त्याचा असा नाय."

नऊ वर्षांत माझ्या हाताबद्दल कोणी चांगला शब्द बोलण्याची ती पहिली वेळ. मी तिथेच रडले असते, पण नवसागराच्या धुरानं डोळ्यांतून आधीच इतकं पाणी चाललं होतं की वेगळं रडायची गरज पडली नाही. चाचा आंब्यांची एक पाटी घेऊन गेले आणि मला चोवीस डबे, झाकणं आणि त्यांची जुनी कांब देऊन गेले. ते शिसं पोटात जाणं बरं नाही, असं आता लोक सांगतात. असेल. तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि मला दुसऱ्याच विषाची काळजी होती.

रोहिणी नक्षत्र संपत आलं होतं, त्या एका सकाळी मी परसात दोन चुली मांडल्या. एकीवर रसाचं कल्हईचं पातेलं, दुसरीवर तांब्याचा मोठा हंडा. आंबे भिजत घातले आणि मुलीला म्हटलं, "ये, पिळायला बस."

ती हात मागे घेऊन उभी राहिली. "माझा हात लागला तर नासेल."

"नासू दे."

"मग?"

"मग नासका रस मी खाईन, पण पिळायचे तूच."

तिनं मागचे हात पुढे आणले. मग बसली. पहिला आंबा तिनं दोन बोटांनी धरला. चौथ्या-पाचव्या आंब्याला कोपरापर्यंत रस ओघळत होता आणि ती कोय चोखत होती. मी रस गाळत राहिले. डबे भरून झाले, चोवीसच्या चोवीस, दोन बोटं मोकळी ठेवून. गरम रसाची वाफ निघत होती. कांब निखाऱ्यात लाल होत होती. गरम आहेत तोवर झाकणं झाळायला हवी होती, म्हणून मी घाईत होते.

तेवढ्यात सासूबाई आल्या. सोवळ्यातच होत्या, हातात पाण्याचा गडू. आल्या त्या डब्यांच्या ओळीशी वाकल्या आणि गडूत बोटं बुडवून उघड्या डब्यांवर पाणी शिंपडायला लागल्या. चांगले सपकारे मारून.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? तू ओवळ्यात, पोर ओवळ्यात. हे असंच घरात न्यायचं? शुद्ध नको करून घ्यायला?"

"पण रसात पाणी—"

"तू हात लावलास की मला शिंपडावंच लागतं. आजचं आहे का ते? तुझ्या त्या पहिल्या लोणच्याला नाही का शिंपडलं? विहिरीवरून आलीस ती तशीच बसली होतीस भरायला. पाणी मारलं तेव्हाच ती बरणी कोठीत नेली मी."

त्या हे अगदी सहज बोलल्या. माझ्या हातात तापलेली कांब होती आणि मी तशीच उभी राहिले. मी दादरा आणायला गेले होते. बरणीचं तोंड उघडं होतं.

"बरणीवर शिंपडलंत, की बरणीत?" मी विचारलं.

"आता सगळीकडेच पडतं ते. बेतून का कोणी शिंपडतं?"

इथे मला सासूबाईंबद्दल एक सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या दुष्ट वाटतील, आणि त्या दुष्ट नव्हत्या. लोणच्यात ओला डाव गेला तर त्या हातावर फटका मारायच्या. कोठीत शिरण्याआधी हात तीनदा पुसायच्या. पाण्यानं लोणचं नासतं, हे त्यांच्याइतकं आळीत कोणाला कळत नव्हतं. पण गडूतून शिंपडलेलं पाणी त्यांच्या लेखी पाणी नव्हतंच. ते सोवळं होतं. त्यानं वस्तू शुद्ध होते, नासेल कशी? नऊ वर्षांत त्यांच्या मनात हे दोन विचार एकदाही एकमेकांसमोर आले नव्हते. त्यांच्याच काय, आमच्या कोणाच्याच मनात आले नसते. आमच्यात घरोघरी असंच शिंपडायचे.

"म्हणजे लोणचं माझ्या हातानं नासलं नव्हतं," मी म्हटलं. आवाज चढला होता. "तुमच्या पाण्यानं नासलं."

"जीभ आवर! त्या पाण्यानं कधी काही नासतं का?"

मला ती कांब जमिनीवर आपटावीशी वाटली. नऊ वर्षं! धुणी, भांडी, ओढलेले पदर, आणि परकरात लपवलेले ते दोन लहान हात, सगळं चार सपकाऱ्यांपायी. पण डबे गार होत होते. आणि मला आठवलं, हे डबे उकळायचे आहेत. लोणचं उकळत नाहीत, हे उकळायचे आहेत. यात चार थेंब पडले काय आणि चाळीस पडले काय.

"शिंपडा," मी म्हटलं. "ते शेवटचे सहा राहिलेत, त्यांवरही शिंपडा. एक सोडू नका."

त्यांना वाटलं मी नमले. त्यांनी उरलेल्या सहांवरही पाणी मारलं आणि समाधानानं आत गेल्या. मी खाली बसले आणि झाळायला लागले. इतक्या रागात मी आयुष्यात दुसरं कुठलंही काम इतकं सुरेख केलेलं नाही. भोकांतून हवा शीळ घालत बाहेर आली, मी थेंब सोडले, डबे पाण्याखाली घातले. गार झाल्यावर एकेका डब्याचं झाकण टक्‌ करून आत बसायला लागलं. मुलगी प्रत्येक टक्‌ला टाळी वाजवत होती.

कोठीत जागा मिळाली नाहीच. डबे पडवीतल्या माळ्यावर राहिले. मृग लागला, आर्द्रा गेली, पुनर्वसू गेलं. मी रोज शिडी लावून झाकणांवरून बोट फिरवायची. आषाढात एक डबा फुगला. सासूबाईंनीच तो आधी पाहिला आणि खाली आणून माझ्यासमोर ठेवला. मी तो पाण्यात बुडवला, दाबला, तर सांध्यातून एक बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तिथे झाळ कमी पडली होती. चूक माझीच होती, आणि मी ते मान्य केलं. पण चूक पुढच्या वेळी सुधारते. नासका हात कशानं सुधारणार? या दोन गोष्टींतला फरक मला त्या दिवशी त्या बुडबुड्यांनी शिकवला, आणि राहिलेले तेवीस डबे मी पुन्हा ओळीनं लावून ठेवले.

भाद्रपदात गणपती आले. तिसऱ्या दिवशी दुपारी दर्शनाच्या निमित्तानं आळीतल्या बायका आमच्या माजघरात जमल्या, पंधरा-वीस तरी असतील. बाहेर मुसळधार पाऊस. मी माळ्यावरून चार डबे काढले आणि सगळ्यांच्या मधे आणून ठेवले. मी छिन्नी लावली आणि हातोडीचा घाव घातला. पहिल्या डब्यानं सूं करून हवा आत ओढली, आणि माजघरात हापूसचा वास सुटला. भाद्रपदात, भर पावसात, तीन महिन्यांपूर्वी संपलेल्या आंब्याचा वास! एका म्हाताऱ्या बाईनं डोळेच मिटून घेतले.

पण वाटी कोणी पुढे केली नाही. सगळ्या सासूबाईंकडे पाहत होत्या. त्या दाराशी बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, मी त्यांच्या तळहातावर चमचाभर रस घातला. त्यांनी वास घेतला, जिभेवर ठेवला. रंग, गोडी, सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "सुधारला हो हिचा हात."

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. कोणी माझ्याकडे पाहून हसलं. मला माफी मिळाली होती, सर्वांसमक्ष. आता पदर पुढे घेऊन खाली वाकायचं, की सगळं गोड होणार होतं.

मी वाकले नाही. "सुधारला नाही," मी म्हटलं. "पहिल्यापासून असाच होता. त्या लोणच्यात पाणी पडलं होतं, आणि ते माझ्या हातून पडलं नव्हतं."

कोणाच्या हातून, हे मी बोलले नाही. बोलणार होते, ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. सासूबाईही लेच्यापेच्या नव्हत्या. त्यांनी माझ्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवून सगळ्यांना म्हणाल्या, "आंबे माझ्या नातीनं पिळलेत हो. आजीचा हात आलाय पोरीला."

आता मी गप्प बसले तर पोर सुटत होती. तिचा शिक्का ज्यांच्यामुळे बसला त्यांनीच तो पुसून टाकला होता, आळीसमोर. ज्याच्यासाठी मी बोटं भाजून घेतली ते हेच होतं, आणि ते पदरात पडत होतं. माझा हात नासका तो नासकाच राहिला असता, तेवढं चाललं असतं. खरंच सांगते, मी तोंड मिटून घेतलं.

मुलीनं नाही मिटलं. "पिळले ते मीच," ती म्हणाली. "झाळले ते आईनं. आजीनं नुसतं पाणी शिंपडलं. लोणच्यावर शिंपडलं होतं ना, तसंच."

एकही बाई हसली नाही. हसणार कशी? त्यांतल्या प्रत्येकीच्या घरी गडू होता, आणि प्रत्येकीला आपापली नासलेली बरणी आठवत असणार. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांची नजर खाली, तळहातावर रसाचा पिवळा डाग. पोरीला एक चापट बसणार असं मला वाटलं आणि मी पुढे सरकले.

"हो," त्या म्हणाल्या. घसा खाकरून पुन्हा म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शिंपडलं होतं मी. लोणच्यात. तिनं कोरडंच घातलं होतं." मग पोरीवर खेकसल्या, "बघत काय उभी राहिलीस गो? वाढायला घे."

मुलीनं पळी उचलली आणि वाढायला घेतलं. मला मदत करावीशी वाटत होती, पण मी हात मांडीवरच ठेवले.